लाल म्हणून दिलेलं कापड

मंगळवार, २ फेब्रुवारी १९८८

आज हसून हसून बरगड्या दुखल्या. चार वर्षांत अशी हसले नव्हते.

समोर कोको, म्हणजे बाजरीची पेज, विकणारी झेनाबू सकाळी सकाळी माझ्या रस्त्याकडेच्या डबा-कॅमेऱ्यापाशी आली, कमरेच्या कापडातून एक फोटो काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. नातवाच्या नाव ठेवण्याच्या दिवशीचा, रंगीत, बारिमाच्या स्टुडिओत काढलेला. म्हणाली, "सारपोमा, नीट बघ आणि सांग. माझा नातू आहे का सरडा?"

पोर हिरवंगार! आईही हिरवी, झेनाबूचे दातसुद्धा हिरवे. मी म्हटलं, "बाई, जपून. झाडावर चढेल हो." पासपोर्टच्या फोटोसाठी रांगेत उभी असलेली माणसंही हसायला लागली. फोटो हातोहात फिरला आणि मी फिरू दिला. बारिमाची अब्रू रस्त्यावर येते आहे, तर मी कशाला झाकू?

गेला महिनाभर हेच ऐकते आहे. नवरीचा चेहरा पालीच्या पोटासारखा आला, पाद्र्याचा झगा गुलाबी आला. नाताळापर्यंत त्याचे रंग चांगले यायचे, हे शत्रू असले तरी कबूल करते. मग काय बिघडलं देव जाणे. जे बिघडलं ते बिघडलेलंच राहो.

स्टुडिओ माझ्या नवऱ्याचा, अटाकोराचा. वीस वर्षं तो फोटो काढायचा आणि काळ्या-पांढऱ्या छपाईवर कापसाच्या बोळ्यानं रंग मी भरायचे. गालाला लाली, कापडाला नक्षी, सगळं माझ्या हातचं. तो गेला आणि आमच्या कुमासीकडची रीत पुढे आली: मामाचं भाच्याला, म्हणजे बारिमाला, बायको वाटेला. मूलबाळ नाही, बोलणार कोण? नणंदेनं, बारिमाच्या आईनं, फ्रेमानं, उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "सारपोमा, तुझी पेटी उचल." नवा कायदा आला म्हणतात, बायकोला वाटा देणारा. अटाकोरा तो यायच्या वर्षभर आधी गेला. एरवी हा माणूस कुठेच वेळेवर पोचला नाही, नेमकी तिथेच घाई केलीन.

मला मिळाल्या जुन्या निगेटिव्हच्या पेट्या, कारण त्या कुणाला नको होत्या. "काळ्या-पांढऱ्याचं आता काय करायचं?" म्हणाला होता बारिमा. ठीक आहे. बस आता हिरव्या माणसांत.


रविवार, ७ फेब्रुवारी

फ्रेमा गेली. शुक्रवारी, इस्पितळात. नाताळापासून तिथेच होती.

झेनाबूनं सांगितलं तेव्हा मी पानात बांधलेली मक्याची केंकी सोलत होते. सोलली आणि खाल्ली. घास अडकला नाही. लिहायला लाज वाटत नाही, माझी वही आहे.

मोठा क्रियाविधी बारा मार्चला, शनिवारी. तोवर प्रेत इस्पितळातच, बर्फात. मला जावं लागणार, सून आहे त्या घराची. घरचे सगळे लालमध्ये, बाकीचे काळ्यात. लाल म्हणजे आपलं रक्त गेलं. हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

एकट्या अटाकोराला कळलं नव्हतं! माझी आई गेली तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी, जावई म्हणून सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि हा पठ्ठ्या आला हिरवं कापड पांघरून. गर्द हिरवं, केळीच्या पानासारखं. जणू सुगीचा सण आहे. माझे भाऊ दात खात होते. मावशी थुंकली. आणि हा ताठ मानेनं उभा, मान जराशी कलती करून, सगळे आपल्याकडे का बघताहेत असा चेहरा करून. घरी आल्यावर मी विचारलं, "माझ्या आईनं तुझं काय खाल्लं होतं?" एक शब्द बोलला नाही. कापड काढून ठेवलं आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला.

माझ्या माहेरानं त्या दिवशी त्याच्याशी संबंध तोडला, आणि तो गेल्यावर मला हाकललं तेव्हा माझी बाजू घ्यायला एकही भाऊ आला नाही. "हिरव्याची बायको" म्हणाले. एका कापडानं मला दोन्ही घरांतून उठवलं. तो जिवंत होता तोवर, अकरा वर्षं, मी एक दिवस त्याला ते विसरू दिलं नाही. ते कापड अजून पेटीच्या तळाशी आहे. पुरावा म्हणून ठेवलंय.


बुधवार, १७ फेब्रुवारी

बारिमा आला होता. माझ्या दारात! चार वर्षांत पहिल्यांदा. हातात टोपलीभर टोमॅटो, अर्धे लाल, अर्धे कच्चे हिरवे.

"मामी, बरी आहेस ना?"

"जिवंत आहे. तुझी इच्छा नसेल, पण आहे."

खाली बसला. वाळलाय. बायको गेल्या वर्षी माहेरी गेली ती परतली नाही, आता आईही गेली. मी पाणी दिलं, तेवढं शत्रूलाही देतात. मग म्हणाला, आईचा मोठा फोटो हवा, दारात ठेवायला. त्याच्याकडे तिचे रंगीत फोटो आहेत, पण उडून गेलेत, चेहरा ओळखू येत नाही. मामानं काढलेली तरुणपणीची निगेटिव्ह माझ्या पेटीत असेल.

मी म्हटलं, "काळी-पांढरी आहे. नको होती ना तुला?"

मान खाली घातली. "मामी, घरचे म्हणतात रंगीतच पाहिजे. काळा-पांढरा फोटो म्हणजे गरिबाचं मरण. तू रंग भरून दे. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

गोड बोलणं आईकडून घेतलंय. अटाकोरा याच्या उलट सांगायचा: "रंग बडबड करतात गं. काळं-पांढरं गप्प बसून खरं सांगतं." गिऱ्हाईक रंगीत फिल्म मागायला आलं की हाच मंत्र. त्या हट्टापायी लाखाचं गिऱ्हाईक घालवलं.

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात त्यानं खिशातून दोन छपाया काढल्या, एकाच नवऱ्या मुलीच्या. एक लालभडक, भाजल्यासारखी. दुसरी हिरवट. "मामी, यातली बरी कुठली?"

मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तो दोन्हींकडे बराच वेळ बघत बसला, ऊन डोळ्यांवर आल्यासारखा. मग हळूच म्हणाला, "आई सांगायची."

बाई गं! तो गेल्यावर मी टोमॅटोची टोपली पुढ्यात घेऊन बसले आणि एकदम उजेड पडला. फ्रेमा नाताळात इस्पितळात गेली, रंग नाताळात बिघडले. फ्रेमा त्या अंधाऱ्या खोलीत बसून सांगायची, फोटो छापताना रंगाच्या काचा कुठल्या घाल, कुठल्या काढ. तिच्या डोळ्यांवर याचं दुकान चालत होतं. याला लाल आणि हिरवं वेगळं दिसतच नाही! म्हणून असले कच्चे टोमॅटो. अटाकोरा निदान एकेक अंगठ्यानं दाबून तरी आणायचा.

नक्की बापाकडचं खूळ असणार. बापाच्या घरची माणसं तशीच अर्धवट. आमच्या अटाकोराचे डोळे घारीचे, सुईच्या टोकाएवढा डाग निगेटिव्हवर शोधून काढायचा.

रंगीत स्टुडिओ, आणि मालकाला रंग दिसत नाही. देवा, तुलाही चेष्टा जमते तर.


शुक्रवार, १९ फेब्रुवारी

खात्री करून घेतली. फोटोचं बोलायच्या निमित्तानं बोलावलं आणि रस्सा ढवळता ढवळता म्हटलं, "बारिमा, त्या परडीतल्या दोन लाल मिरच्या दे." एक लाल दिलीन, एक हिरवी. मी दोन्ही रश्श्यात टाकल्या.

फोटो करून देईन म्हटलं. त्याचे डोळे भरले.


बुधवार, २ मार्च

कुटुंबाचे थोरले, ओपानिन बोआचे, स्वतः कॅमेऱ्यापाशी आले. ऐंशीच्या घरात आहेत, काठी टेकत. फोटो कुठवर आला विचारलं, मग रेंगाळले.

"सारपोमा, पोराचं काही खरं नाही. गावभर हसं झालंय."

मी म्हटलं, "मी काय बोलू? मी परकी."

"परकी कशी? वीस वर्षं तू चालवलंस ते." दाढी खाजवली. "क्रियाविधी होऊ दे. आईचं सगळं नीट पार पाडलं तर राहू दे त्याच्याकडे. नाही जमलं तर चार माणसांत बोलून तुला चालवायला देऊ. आईच्या मरणाचा मान राखता येत नाही, त्यानं मामाची गादी कशाला अडवायची?"

ते गेल्यावर पासपोर्टवाल्या एका माणसाचं डोकं कापलं गेलं फोटोत, परत काढून द्यावा लागला.

म्हणजे माझा स्टुडिओ एका चुकीवर अडलाय. त्याच्या एका चुकीवर.


शनिवार, ५ मार्च

फ्रेमाची निगेटिव्ह सापडली. एकोणीसशे एकोणसत्तर. हसतेय. दातांत फट. त्या दिवशी मी तिची वेणी घातली होती, तेव्हा आम्ही मैत्रिणी होतो. माझ्या आईच्या क्रियेनंतर वर्षभरात ती मला पाण्यात पाहायला लागली. का, ते कधी कळलं नाही. भाऊ माझा अपमान करतो आणि वैर बहिणीनं धरायचं! चोराच्या उलट्या बोंबा.

रंगाच्या बाटल्याही काढल्या. प्रत्येक बाटलीच्या बुचावर चाकूच्या खुणा आहेत, अटाकोरानं केलेल्या. लालवर एक, हिरव्यावर दोन, पिवळ्यावर तीन. मी किती वापरते ते मोजतोय असं समजून मी एकदा त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. मोजू दे. मी भरपूर वापरला.


गुरुवार, १० मार्च

केलं. जे ठरवलं ते केलं.

बारिमा आला होता. दमलेला, मंडप, खुर्च्या, बँडवाले, सगळं एकट्यानं. म्हणाला, "मामी, अंगावर घ्यायचं कापड अजून घेतलं नाही. माझ्याबरोबर बाजारात येशील? तू निवड."

बाजारात जायचं कशाला? दुकानदारीण तिथल्या तिथे ओरडली असती. मी पेटी उघडली. तळातून ते कापड काढलं. पंधरा वर्षांनी उघडलं तरी गर्द हिरवं, रंग जराही उडाला नाही. चांगलं विणलेलं होतं मेलं.

म्हटलं, "हे घे. तुझ्या मामाचं आहे. लाल. माझ्या आईच्या क्रियेला हेच पांघरलं होतं त्यानं."

शेवटचं वाक्य तर खरंच होतं की.

त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, तोंडाला लावलं आणि रडायला लागला. मोठा माणूस, तिशीचा. "मामी, मी तुला काय केलं आणि तू मला काय देतेस." मी म्हटलं, "बाहेर काढू नकोस, धूळ बसेल. शनिवारी सकाळी थेट अंगावर घे. मामाचं आहे, कुणाच्या हाती देऊ नकोस."

"नाही देत."

आता शनिवारी आईच्या दारात, सगळ्या कुमासीपुढे, मुलगा हिरवं पांघरून उभा राहील. कळू दे त्या घराला कसं वाटतं. मी पंधरा वर्षं गिळलं, आता तुम्ही एक घास चावून बघा.

फोटोत रंग भरायला घेतला, पण मन लागेना. तसाच ठेवला.


शनिवार, १२ मार्च

सकाळपासून जे घडलं ते क्रमानं लिहिते, नाहीतर लिहायचं राहून जाईल.

मी फोटो घेऊन लवकर पोचले. काळा-पांढराच. रंग भरायचा राहिला असं सांगितलं. दोन बायकांनी नाकं मुरडली, पण ओपानिन बोआचे फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हीच. हीच आमची फ्रेमा." फोटो दाराशी ठेवला. अंगण भरत होतं, एका बाजूला लाल, एका बाजूला काळं. ढोल सुरू होते.

मग बारिमा आतून आला.

आधी ढोलवाल्याचा हात थांबला. मग बायका गप्प झाल्या. कुणीतरी जिभेनं चक् केलं आणि ते सगळ्या अंगणात पसरलं. एक म्हातारी म्हणाली, "आई मेली म्हणून आनंद झालाय वाटतं लेकराला."

मी याचीच वाट बघत होते. पोटभर बघून घ्यायचं म्हणून पुढे बसले होते. बघितलं.

तो ताठ उभा होता. मामाचं कापड म्हणून छाती काढून. आणि लोक का बघताहेत ते त्याला कळेना. त्यानं मान जराशी कलती केली आणि स्वतःच्या अंगावर बघितलं, मग लोकांकडे, मग परत अंगावर. तीच मान, तोच चेहरा आणि कापडही तेच.

मी बारिमाला बघतच नव्हते. मी माझ्या आईच्या अंगणात होते आणि समोर अटाकोरा उभा होता. अंगठ्यानं टोमॅटो दाबणारा, बुचांवर खुणा करणारा. रंग माझ्या हाती देऊन स्वतः काळ्या-पांढऱ्यात बसून राहिलेला. घारीचे डोळे! अगं मूर्ख बाई, अगं आंधळे!

ओपानिन बोआचे काठी आपटत पुढे आले. "हे काय पांघरलंस? कुणी दिलं?"

बारिमानं माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला, रंग नाही पण बाकी सगळं कळलं. मी दिलं आणि लाल म्हणाले, एवढं त्यानं तोंडून काढलं असतं तर सुटला असता, पण मग लोकांनी विचारलं असतं, तुला डोळे नव्हते का? तो म्हणाला, "मामाचं आहे." आणि गप्प बसला. ओठ मिटून, अगदी तसाच.

ओपानिन म्हणाले, "मामाचं असो नाहीतर राजाचं. आईच्या क्रियेला..."

मी उठले. पाय आपोआप उठले. "ओपानिन, मी दिलं."

अंगण माझ्याकडे वळलं.

"मी दिलं. पहाटे माझ्या खोलीत वीज नव्हती. अंधारात पेटीतून काढलं, लाल समजून त्याच्या अंगावर मीच घातलं आणि फोटो घेऊन पुढे निघून आले. पोरगं आईच्या दुःखात आहे, ते काय कापड बघत बसेल? मामीनं दिलं म्हणून विश्वासानं उभं राहिलंय. दोष माझा."

खोटं, पण धडधडीत बोलले. एक जाऊ म्हणाली, "अंधारात का मुद्दाम?" मी म्हटलं, "मुद्दाम समज. दंड लावा."

दंड लागला, एक मेंढी आणि दारूच्या दोन बाटल्या, फ्रेमाची माफी मागायला. शिवाय स्टुडिओचं नाव आता माझ्यासाठी कुणी काढणार नाही, हेही ओपानिनच्या डोळ्यांत वाचलं. मी माझं लाल पांघरूण काढून बारिमाच्या खांद्यावर टाकलं आणि ते हिरवं काखेत घेतलं. ढोल परत सुरू झाले.

दुपारी तो मागच्या अंगणात मला गाठायला आला. शिव्या घालेल म्हणून मी तयार होते. त्यानं माझ्या काखेतल्या कापडाला हात लावला.

"मामी, खरं सांग. कुठला रंग आहे?"

"हिरवा."

"आणि मामानं तुझ्या आईच्या वेळी..."

"हेच."

तो म्हणाला, "त्यालाही दिसायचं नाही. आई सांगायची. आमच्या रक्तातच आहे, बायकांना दिसतं, पुरुषांना नाही. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणायची, फोटोवाल्याला रंग दिसत नाही कळलं तर कोण येईल?" नाक पुसलं. "तुला घरात घ्यायला मी तयार होतो गं. आईनं ऐकलं नाही. म्हणायची, त्या एका कापडावरून तिनं माझ्या भावाला मरेपर्यंत जाळलं, तिला त्याची खुर्ची नाही मिळायची."

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"आम्हाला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला. "बायकोला माहीत नसेल असं कसं वाटणार?"


शुक्रवार, १८ मार्च

मेंढी दिली. बाटल्या दिल्या. फ्रेमाला माफ केलं का? नाही. तिनं मला केलं असेल असंही वाटत नाही. दोघी सारख्याच निघालो.

काल बारिमा येऊन म्हणाला, "मामी, सकाळी दोन तास येऊन बस. रंग सांग. निम्मं तुझं." मी म्हटलं, उपकार नकोत. तो म्हणाला, उपकार कसले, परवा पुन्हा एक पाद्री गुलाबी आला.

आज गेले. चार वर्षांनी त्या अंधाऱ्या खोलीत. अटाकोराचं स्टूल तिथेच आहे. मी त्यावर बसले नाही, शेजारी बसले.

बारिमाच्या रंगाच्या काचा एका डब्यात खडखडत होत्या, सगळ्या एकसारख्या चौकटीत. मी चाकू मागितला. "कशाला?" म्हणाला. एकेक काच उजेडाला धरली आणि चौकटीवर खुणा केल्या. लालवर एक, हिरव्यावर दोन, पिवळ्यावर तीन.